जुन्या कॅसेट कॉम्प्युटरवर घेताना साउंड कार्डचं सेटिंग

पहिलं म्हणजे वायर कुठे लावायची ते बघा. डेस्कटॉपच्या मागे निळं भोक असतं ते लाइन-इन, गुलाबी माइकचं. टेपच्या हेडफोनमधून साडेतीन एमएमची स्टिरिओ वायर निळ्यातच लावा, गुलाबीत लावली तर आवाज फाटतो कारण माइकचा सिग्नल फार बारीक असतो म्हणून तिथे आत तो खूप वाढवतात, आणि बऱ्याचदा ते मोनोच असतं. लॅपटॉपला बहुतेक लाइन-इन नसतंच, मग लाइन-इन असलेलं यूएसबी साउंड कार्ड घ्या (नुसतं माइक लिहिलेलं स्वस्तातलं घेऊ नका, उगाच पैसे जातात).

आता विंडोजच्या साउंड सेटिंगमधे रेकॉर्डिंग टॅब, लाइन-इन डिफॉल्ट करा, प्रॉपर्टीजमधे एन्हान्समेंट (आवाजात आपोआप बदल करणारे इफेक्ट) सगळी बंद, आणि ॲडव्हान्समधे २ चॅनल, १६ बिट, ४४१०० हर्ट्झ. ऑडॅसिटीत (हे रेकॉर्डिंगचं फुकट सॉफ्टवेअर) पण ४४१००च ठेवा. कॅसेटसाठी याहून जास्त लागत नाही, कोणी ९६ हजार सांगितलं तरी.

लेव्हल मात्र नीट लावा! गाण्याचा सगळ्यात मोठा भाग वाजवून बघा, मीटर उणे ६ डीबीच्या आसपास गेलं पाहिजे, शून्याला टेकलं की आवाज कापला जातो आणि तो नंतर कशानेच धड दुरुस्त होत नाही.

आधी वेव्ह फाइल सेव्ह करा, मिनिटाला साधारण १० एमबी लागतात, म्हणजे साठच्या कॅसेटला ६०० एमबी. एमपीथ्री नंतर करा.