कॉमिकवरून सिनेमा करताय? आधी फुगे मोजा

कॉमिक निवडलं म्हणजे स्टोरीबोर्ड, म्हणजे एकेका शॉटचं आधी काढलेलं चित्र, आयताच हातात आला, असं तुम्हाला कुणीतरी सांगितलं असेलच. बहुतेक दोन दिवसांच्या कार्यशाळेत, सर्टिफिकेटसकट. माझी पहिली शॉर्टफिल्म याच भरवशावर उभी राहिली आणि एडिट टेबलावर झोपली. अजूनही नवं कॉमिक हातात आलं की पोटात ढवळतं, म्हणून हे खरडतोय.

घोळ चित्रांत नसतो, वेळेत असतो. हे जरा लांबण लावून सांगतो. समजा एका पॅनलमध्ये, म्हणजे चित्राच्या चौकटीत, नायकाने ठोसा उगारलाय आणि वर पंचवीस शब्दांचा संवादाचा फुगा आहे. त्याच चौकटीत समोरचा उत्तरही देतोय. वाचताना काही खटकत नाही, कारण चित्र थांबलेलं असतं आणि डोळा आपल्या सवडीने फिरतो. कॅमेऱ्यासमोर तेवढं बोलायला दहा-पंधरा सेकंद लागतात, ठोसा मात्र अर्ध्या सेकंदात बसतो. मग नट हात वर धरून भाषण ठोकतो, नाहीतर ठोसा मारून झाल्यावर बोलत बसतो. दोन्हीकडून प्रसंग गेलाच. उलटंही होतं. एकही शब्द नसलेलं पानभर चित्र वाचक हवं तितकं बघतो. पडद्यावर ते तीन सेकंद ठेवायचं की तेरा, हे तुम्ही ठरवायचं. दोन पॅनलांमधल्या पांढऱ्या पट्टीत कधी क्षण सरतो, कधी वर्ष, आणि मधलं सगळं वाचकाने मनात भरलेलं असतं. ते तुम्हाला एकतर शूट करावं लागतं, नाहीतर कटमध्ये जिरवावं लागतं. शिवाय पान उलटल्यावर बसणारा धक्का! पडद्याला पानच नाही. म्हणून पॅनल समोर ठेवून शॉट लावू नका. आधी त्या पॅनलमध्ये किती वेळ कोंबलाय ते बघा.

यावर हमखास ‘सिन सिटी’चं नाव निघतं. कबूल, 2005 साली रॉबर्ट रॉड्रिगेझने फ्रँक मिलरची पॅनल्स जवळपास जशीच्या तशी पडद्यावर आणली. पण मिलर स्वतः सहदिग्दर्शक होता. त्याला ते श्रेय द्यायला अमेरिकेतली दिग्दर्शकांची संघटना तयार होईना, तर रॉड्रिगेझने सदस्यत्वच सोडलं. मूळ चित्रंही काळ्या-पांढऱ्या ठळक आकारांची, आणि पात्रांचं स्वगत निवेदन म्हणून वर चालू राहतं, त्यामुळे बोलण्याचं ओझं ओठांवर पडत नाही. तुमच्याकडे यातलं काय आहे ते तपासा आणि मगच त्या वाटेला जा.

मला शिकवलं ते ‘ओल्डबॉय’ने. मूळ मंगात, म्हणजे जपानी कॉमिकमध्ये, माणूस दहा वर्षं कोंडलेला, पार्क चान-वूकच्या 2003 च्या कोरियन सिनेमात पंधरा, आणि कोंडण्यामागचं कारणच बदललेलं. ‘अकिरा’चं तर आणखी मजेशीर: कात्सुहिरो ओतोमोने स्वतःच्याच दोन हजारांहून जास्त पानांच्या मंगाचा दोन तासांचा सिनेमा 1988 साली केला, तेव्हा मंगा संपायचाही होता. मूळ लेखकाची कात्री इतकी निर्दय चालते आणि आपण ‘फॅन काय म्हणतील’ म्हणून एकेक संवाद जपत बसतो. असं जपायचा सल्ला देणारे गुरू भेटले तर चहा प्या आणि निघा.

आपल्याकडे ‘चिंटू’ घ्या. 1991 पासून ‘सकाळ’मध्ये आलेली, तीन-चार चौकटींत हसवून मोकळी होणारी मालिका. त्यावर 2012 मध्ये सिनेमा आला. अशा मालिकेत दोन तासांचं कथानक मुळात नसतंच, ते रचावं लागतं. नुसते किस्से जोडले तर मध्यंतरापर्यंत प्रेक्षक घड्याळ बघायला लागतो.

हक्कांचं तोंडी काही ठेवू नका. मित्राचं कॉमिक असलं तरीही, खरं तर तेव्हा जास्तच. लेखक आणि चित्रकार वेगळे असतील तर हक्क नेमके कुणाकडे आहेत ते आधी कागदावर बघा. दोघांकडे असतील तर दोघांच्या सह्या घ्या. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे परदेशी महोत्सवाचं बोलावणं आलं की हात बांधलेले. वेगळं काही ठरलं नसेल तर वर्षभरात हक्क वापरले नाहीत म्हणूनही ते निसटतात.

आता पॅनलमधला वेळ मोजायचा कसा? घाबरू नका, चित्र काढता येत नसलं तरी हे जमतं. आवडत्या कॉमिकमधली दोनच पानं घ्या. सगळे फुगे मोठ्याने बोला, मोबाइलवर वेळ लावा आणि प्रत्येक पॅनलखाली सेकंद लिहा. मग त्याच पॅनल्सचे फोटो तेवढेच सेकंद ठेवून एकामागोमाग लावा, आवाज स्वतःचाच द्या आणि ज्याने ते कॉमिक वाचलेलं नाही अशा माणसाला दाखवा. तो कुठे चुळबुळ करतो तिथे खूण करा. तिथला संवाद आधी निम्मा करा. तरी चुळबुळ थांबली नाही, तर ते पॅनलच काढून टाका, चित्र कितीही देखणं असलं तरी.