माना पूल्समध्ये वाटाड्याविना पायी फिरताना या चुका टाळा

झिंबाब्वेच्या उत्तर सीमेवर, झांबेझी नदीच्या काठी माना पूल्स राष्ट्रीय उद्यान आहे. शोना भाषेत 'माना' म्हणजे चार. नदीने पात्र बदलताना मागे ठेवलेल्या चार डोहांवरून हे नाव पडलं. १९८४ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. बंदूकधारी वाटाड्या सोबत नसताना परमिट काढून हत्ती, सिंह, रानरेड्यांच्या मुलखात पायी फिरू देणारी अशी उद्यानं आफ्रिकेतही मोजकीच. ताडोबा-पेंचला जिप्सीतून खाली उतरायची मुभाच नसते, त्यामुळे आपल्याकडून गेलेल्या माणसाला पायी अंतर राखायचा सरावच नसतो. बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

गाडीतून जे अंतर चालतं ते पायी चालत नाही. गाडी ही प्राण्याच्या लेखी ओळखीची, निरुपद्रवी वस्तू असते. त्याच गाडीतून माणूस खाली उतरला की चित्र बदलतं. गाडीपासून पंधरा मीटरवर लोळत पडलेला सिंह पायी माणूस शंभर मीटरवर दिसताच उठून बसतो. हत्तीपासून किमान ५० मीटर आणि सिंहापासून १०० मीटर अंतर ठेवा. पिल्लं असतील तर दुप्पट. मोठी लेन्स डोळ्याला लावली की हे भान हमखास सुटतं. एक जण फोटो काढत असेल तेव्हा दुसऱ्याने नुसत्या डोळ्यांनी चौफेर बघत राहायचं.

वाऱ्याकडे दुर्लक्ष ही सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक. चुलीतली चाळलेली राख पातळ सुती फडक्यात बांधून पुरचुंडी करा आणि दर पाच-दहा मिनिटांनी झटका. राख तुमच्याकडून प्राण्याकडे जात असेल तर तुमचा वास आधीच पोचला आहे, वळसा घ्या. नदीकाठी सकाळी वारा फिरतो, म्हणून निघताना एकदा पाहिलं आणि विसरलं असं चालत नाही.

दाट झुडपांत शिरू नका. नदीलगतच्या सपाटीवर आना झाडांचं (बाभळीसारखी, शेंगा धरणारी मोठी झाडं) मोकळं रान आहे, तिथे लांबवर दिसतं. आत दक्षिणेला काटेरी जाळी सुरू होते. समोर ५० मीटरपेक्षा कमी दिसू लागलं की मागे फिरा, मग माग कितीही ताजा असो. जाळीतून 'चर्रर्र' असा खरखरीत आवाज करत लाल किंवा पिवळ्या चोचीचे छोटे पक्षी अचानक उडाले तर थांबाच. ते गोचिड्या खाणारे ऑक्सपेकर असतात आणि बहुतेक वेळा रानरेड्याच्या पाठीवरूनच उठतात. कळपापेक्षा चिखलात लोळलेला एकांडा म्हातारा नर जास्त धोक्याचा, कारण तो पळण्याऐवजी दबून राहतो. त्याने चाल केलीच तर झाडावर किंवा उंच वारुळावर चढणं हाच उपाय. म्हणून चालताना जवळचं चढण्याजोगं झाड कोणतं, हे डोळ्यांखालून सुटू देऊ नका. गिधाडं झाडांवर गर्दी करून बसली असतील तर खाली मढं असण्याची आणि त्यावर सिंह असण्याची दाट शक्यता असते. बघायला जाऊ नका.

माग वाचता येत नसेल तर तासाभराचा धडा मैदानावरच घ्या. हत्तीच्या पावलाच्या ठशात सुरकुत्यांची जाळी स्पष्ट दिसते आणि तिच्यावरून किड्यांच्या बारीक रेषा गेलेल्या नाहीत, म्हणजे तो हत्ती रात्र सरल्यावर गेला. किड्यांची नक्षी वर उमटली असेल तर तो रात्रीच निघून गेला. शेण ओलं, चकाकतं आणि हाताला कोमट लागत असेल तर हत्ती फार दूर नाही.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आना झाडाच्या सावलीत विसावणं टाळा. तेव्हा शेंगा पिकतात, आणि हत्ती कपाळाने खोड हलवून त्या पाडायला येतात. हत्तीने कान फैलावून, डोकं वर करून, मोठ्याने ओरडत धाव घेतली तर बहुधा ती हूल असते. कान मागे दुमडून, सोंड आत मुडपून, डोकं खाली घालून आला तर तो खरंच येतो आहे. ही विभागणी दर वेळी खरी ठरेलच असं नाही, म्हणून दोन्हींत पळू नका. उभे राहा, हूल थांबली की त्याच्यावरची नजर न काढता हळूहळू मागे सरका, आणि जाडजूड खोड किंवा वारूळ मध्ये येऊ द्या. सिंहापुढे तर पाठ फिरवून पळणं म्हणजे पाठलागाला बोलावणं. सगळे एकत्र, समोर तोंड करून उभे राहा. तो थबकल्यावरच मागे हटा.

नदीकाठी पाण्यापासून किमान पाच मीटर लांब राहा, कारण मगर पाण्याच्या कडेलाच दबा धरते. पाणी भरताना रोज तीच जागा, तीच वेळ ठेवू नका. पाणघोडा जमिनीवर दिसला तर त्याच्या आणि पाण्याच्या मधे कधीही उभे राहू नका. ढगाळ, गार दिवशी तो दुपारीही बाहेर चरतो.

रस्ता चुकल्यावर आपल्याकडची सवय उलटी पडते. महाराष्ट्रात हिवाळ्यात दुपारचा सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो. इथे मे ते सप्टेंबरमध्ये तो उत्तरेकडे असतो, आणि झांबेझीही उत्तरेलाच. म्हणजे दुपारी सूर्य समोर ठेवून चाललात तर नदी गाठाल. होकायंत्र तरीही सोबत असू द्या. मोबाइलला रेंज नसते, म्हणून उपग्रह फोन घ्या आणि निघण्याआधी कार्यालयात वाट व परतायची वेळ सांगून ठेवा. माणशी तीन लिटर पाणी घ्या, तीन ते सहा जणांची एकच रांग करा, बोलण्याऐवजी हाताच्या खुणा ठरवा. काळे-निळे कपडे नकोत, त्यांच्याकडे रक्त पिणाऱ्या त्सेत्से माशा ओढल्या जातात. मळकट खाकी चांगला.

उद्यानातल्या न्यामेपीसारख्या कॅम्पला कुंपण नाही. सरबताची लिंबं, संत्री, मोसंबी बॅगेत नकोत. हत्तीला त्यांचा वास लांबून येतो आणि उद्यानात ती नेण्यास मनाई आहे. बाकी खाणं तंबूत नाही, गाडीच्या बंद डिकीत. तंबूची झिप रात्री पूर्ण लावा. लघवीला बाहेर पडताना आधी आतूनच टॉर्चने सगळीकडे उजेड टाका आणि चमकणारे डोळे शोधा. ते दिसले तर बाहेर पडूच नका. झोपायच्या आधी एक रिकामी बाटली तंबूत ठेवलेली बरी.