जुनी क्वात्रो किंवा एक्सड्राइव्ह घेताय? या चुका टाळा

दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी एक फोटो पाठवतं. ऑडी ए६, ३.० टीडीआय क्वात्रो, २०१३ चं मॉडेल, रनिंग 'फक्त' सत्तर हजार, किंमत नव्या क्रेटापेक्षा कमी. खाली एवढंच लिहिलेलं असतं: "घेऊ का?" मी उलट दोन गोष्टी विचारतो. वर्षाला दीड-दोन लाख बाजूला काढता येतील का? आणि गाडी तीन आठवडे गॅरेजात पडून राहिली तर ऑफिसला कशाने जाशील? बहुतेक वेळा पुढे नुसता अंगठा येतो आणि विषय मिटतो.

क्वात्रो म्हणजे ऑडीची आणि एक्सड्राइव्ह म्हणजे बीएमडब्ल्यूची, चारही चाकांना ताकद देणारी (ऑल-व्हील-ड्राइव्ह) यंत्रणा. या गाड्यांचा सगळा घोळ एका गोष्टीत आहे. गाडीची किंमत उतरते, पार्टची उतरत नाही. पन्नास लाखांच्या घरातली गाडी दहा लाखांना मिळाली, तरी तिचा गिअरबॉक्स पन्नास लाखांच्या गाडीचाच असतो. त्यात चारही चाकांना ताकद पोचवायची म्हणजे एक जास्तीचा शाफ्ट, एक जास्तीचा डिफरन्शिअल (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारा गिअरसंच) आणि मधला क्लच किंवा गिअरचा संच आला. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका याचाच हिशेब न केल्याने होतात.

गरज कशाची आहे तेच न पाहणं

"घाटात पावसात ग्रिप मिळते" हे कारण सगळ्यांत जास्त ऐकू येतं. अर्धं खरं आहे. ऑल-व्हील-ड्राइव्हचा फायदा ॲक्सिलरेटर दाबताना होतो: ओल्या चढावर गाडी उचलताना, वळणातून बाहेर पडताना. ब्रेक मारताना काहीही फरक पडत नाही. ब्रेक अल्टोलाही चारही चाकांना असतात. एक्सप्रेसवेवर साचलेल्या पाण्यावर गाडी तरंगली की क्वात्रोही तरंगते, तिथे फक्त टायरची नक्षी वाचवते. आणि कोकणातल्या चिखलाच्या पाणंदीत सेडानचं पोट आधी टेकतं, चाकं फिरायची वेळ नंतर येते.

मग घ्यायचीच कुणी? ज्याला जबरदस्त ताकदीचं इंजिन हवंय त्याने. बीएमडब्ल्यू एम३४०आय सारख्या पावणेचारशे अश्वशक्तीच्या आसपासच्या गाडीला ओल्या रस्त्यावर चार चाकांची ओढ खरोखर लागते. किंवा जो वर्षातून काही महिने शिमला-मनालीकडे असतो त्याने. बाकी पुण्या-मुंबईतल्या रोजच्या वापराला चांगले टायर घातलेली दोन चाकांच्या ओढीची गाडी पुरते, आणि निम्मी डोकेदुखी वाचते.

बॅज बघून ठरवणं

'क्वात्रो' ही अक्षरं बाजारात काहीशे रुपयांना चिकटवून मिळतात. आपल्याकडे विकलेल्या ए६ मधल्या २.० टीडीआय (डिझेल) गाड्या पुढच्या चाकांच्या ओढीच्या आहेत, अलीकडची पेट्रोल ४५ टीएफएसआयसुद्धा. बीएमडब्ल्यूच्या ३ आणि ५ सिरीज भारतात बहुतांश मागच्या चाकांच्या ओढीच्या. एम३४०आय एक्सड्राइव्ह हा त्यातला ठळक अपवाद. चाकणला जुळवलेली मर्सिडीज ए३५ चार चाकांच्या ओढीची, पण साधी ए-क्लास लिमोझिन नाही. त्यामुळे चेसिस नंबरवरून अधिकृत वर्कशॉपमध्ये व्हेरियंट तपासा आणि गाडी लिफ्टवर चढवून खाली मागचा डिफरन्शिअल डोळ्याने बघा.

नाव एक असलं तरी आतली यंत्रणाही एकच नसते. ए४, ए६ च्या त्या काळातल्या क्वात्रोत ताकद कायम दोन्ही ॲक्सलना जाते, साधारण ४०:६० अशी, आणि वाटणी यांत्रिक गिअर करतात. बीएमडब्ल्यूच्या एक्सड्राइव्हमध्ये ट्रान्सफर केसमधला (ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या डब्यातला) क्लच मोटरने दाबला जातो. जुन्या स्कोडा सुपर्ब ४×४ मध्ये मागच्या डिफरन्शिअलपाशी हॅल्डेक्स कपलिंग (मागच्या चाकांना ताकद जोडणारा क्लच) बसवलेलं असतं. हे माहीत असलं की कुठे काय बिघडतं ते आपोआप कळतं.

टायरकडे दुर्लक्ष, म्हणजे सगळ्यांत महाग चूक

विकणारा बहुतेकदा पुढचे दोन टायर नवे घालून गाडी उभी करतो. बघणारा खूश होतो. खरं तर इथेच कान टवकारायला हवेत.

हिशेब करून पाहा. २२५/५० आर१७ मापाचा टायर एका किलोमीटरमध्ये अंदाजे ४८५ वेळा फिरतो. पुढच्या जोडीच्या नक्षीत आणि मागच्या जोडीच्या नक्षीत ३ मिलिमीटरचा फरक असेल तर प्रत्येक फेरीत परिघाचा फरक सुमारे १९ मिलिमीटर पडतो. म्हणजे कागदावर एका किलोमीटरला नऊ मीटर. दोन्ही ॲक्सल शाफ्टने जोडलेले असल्याने हा फरक कुणीतरी गिळावा लागतो. एक्सड्राइव्हमध्ये गिळतो तो ट्रान्सफर केसमधला क्लच. सरळ रस्त्यावरही तो सतत घासत राहतो, तेल तापतं आणि वर्षा-दोन वर्षांत थडथड सुरू होते. एवढं होऊन मालकाला वाटतं, गिअरबॉक्स गेला.

म्हणून नक्षी मोजायचं दीड-दोनशे रुपयांचं गेज खिशात ठेवा आणि चारही टायर मोजा. ब्रँड एकच, नमुना एकच, फरक दोन मिलिमीटरच्या आत. बाजूवरचा चार आकडी कोडही वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. चार टायर चार वेगवेगळ्या वर्षांचे, चार कंपन्यांचे असतील तर मालकाने बाकी देखभालही तशीच केली असणार असं खुशाल धरून चाला. आणि नंतर तुमचा एखादा टायर खड्ड्यात फुटला तर एकच नवा घालून भागणार नाही, हेही आत्ताच मनात ठेवा. मोठ्या रिमचा सेट लाखाला भिडतो.

'लाइफटाइम' तेलावर विसंबणं

सर्व्हिस बुकात गिअरबॉक्स ऑइल 'लाइफटाइम' लिहिलेलं असतं. कुणाच्या आयुष्यभर, ते लिहिलेलं नसतं. बीएमडब्ल्यूचा आठ गिअरचा बॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांत तेल बदला म्हणते. ऑडीच्या सात गिअरच्या एस-ट्रॉनिक आणि सुपर्बच्या सहा गिअरच्या डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सना ६० हजारांना तेल लागतं. हॅल्डेक्सला त्याहून लवकर तेल-फिल्टर मिळाला तर उत्तम. तो चुकला की पंप गाळाने तुंबतो आणि मागची चाकं गुपचूप झोपी जातात. डॅशबोर्डवर दिवाही न लागता सुपर्ब वर्षभर पुढच्याच चाकांवर चाललेली मी पाहिली आहे.

बिलं मागा. "सगळं वेळेवर केलंय साहेब" हे बिल नव्हे.

गरम इंजिनवर टेस्ट ड्राइव्ह

तुम्ही पोचलात आणि बॉनेट गरम लागलं, तर चहा प्या, गप्पा मारा, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी या. थंड इंजिन सुरू करताना पहिल्या दोन-तीन सेकंदांची साखळीची खडखड ऐकायची असते. ऑडीच्या ३.० टीडीआयमध्ये आणि सुपर्बच्या ३.६ व्ही६ मध्ये टायमिंग चेन इंजिनच्या मागच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. ती बदलायला बराच संसार बाहेर काढावा लागतो, आणि मजुरी त्या हिशेबाने लागते.

गाडीला एअर सस्पेन्शन असेल तर रात्रभर उभी राहिल्यावर एखादा कोपरा बसलाय का ते सकाळीच दिसतं.

मग रिकाम्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून अगदी सावकाश दोन-तीन गोल मारा. गाडी आतल्या आत अडखळली, टायर उड्या मारल्यासारखे वाटले, तर टायर बेमेळ आहेत किंवा मधला क्लच सुटत नाही. चाळीस ते ऐंशीच्या वेगात हलका ॲक्सिलरेटर दिल्यावर कंप आला तर ट्रान्सफर केसचं तेल आणि क्लच संशयाच्या घेऱ्यात. वेगाबरोबर वाढणारा गुणगुणाट बेअरिंगचा किंवा डिफरन्शिअलचा. रिव्हर्स टाकल्यावर गाडी विचार करून निघत असेल, किंवा पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये धक्का बसत असेल, तर मेकॅट्रॉनिकच्या (गिअरबॉक्स चालवणाऱ्या कंट्रोल युनिटच्या) खर्चाची तयारी ठेवा; तो लाखांत मोजतात. बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर टेस्ट ड्राइव्हच्या आधी लावून उपयोग नाही. आदल्या दिवशी कोड पुसलेले असतात. तीस-चाळीस किलोमीटर चालवून आल्यावर लावा.

कालची रेसर, आजची फॅमिली कार

ही गोष्ट मुख्यतः एम३४०आय, ए३५ आणि ऑडी एस५ सारख्या गाड्यांना लागू. तरुण मालक रीमॅप करून (ताकद वाढवायला इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून) घेतात, एक्झॉस्टचा डाउनपाइप बदलतात, हौस भागली की मूळ सॉफ्टवेअर टाकून विकायला काढतात. क्लचने सोसलेलं मात्र पुसलं जात नाही. सायलेन्सरच्या पाइपवर नवे वेल्डिंग, घासलेले बोल्ट, मागच्या टायरच्या आतल्या कडेची झीज बघा. मालकाने केलेले बदल विमा कंपनीला कळवलेले नसतील तर क्लेम अडकतो, आणि तो तुमच्या अंगावर येतो.

दिल्ली पासिंग आणि पुराचं पाणी

एनसीआरमध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली. तेव्हापासून तिकडच्या आठ-नऊ वर्षांच्या डिझेल सेडान स्वस्तात इकडे येतात. गाड्या वाईट असतातच असं नाही, पण किमतीची तुलना करताना लोक कर विसरतात. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर कायद्याने पुन्हा नोंदणी करावी लागते. रोड टॅक्स मोजतात मूळ किमतीवर, वयाची सूट धरून. म्हणजे आरटीओलाही गाडी पन्नास लाखांचीच आठवते. मूळ बिलाची प्रत, तिकडच्या आरटीओची एनओसी आणि कर्ज असल्यास बँकेचं फॉर्म ३५ (कर्जाचा बोजा उतरवल्याचा अर्ज) हातात पडल्याशिवाय टोकनपलीकडे पैसे देऊ नका.

पाण्यात गेलेल्या गाडीचं वेगळंच. चेन्नई डिसेंबर २०१५, सांगली-कोल्हापूर ऑगस्ट २०१९, चिपळूण जुलै २०२१: या तारखांच्या आसपास सर्व्हिस रेकॉर्डमध्ये मोठी रजा दिसली तर सावध व्हा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, गाळाची रेघ तिथे राहते. सीटखालच्या रुळांवरचा गंज बघा. डिकीतली मॅट उचला; ऑडी-बीएमडब्ल्यूची बॅटरी आणि काही मॉड्यूल तिथेच खाली असतात, आणि पाणी सगळ्यांत शेवटी तिथून जातं.

सगळे पैसे गाडीतच घालणं

बजेट बारा लाख असेल तर नऊ-साडेनऊची गाडी बघा. उरलेले पहिल्याच वर्षात लागतात: सगळी तेलं, टायर, बुश, बॅटरी. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो त्याच्याकडेच राहतो; विम्याचा आकडा शून्य बोनस धरून काढा. तपासणीला खर्च होणारे पाच-सात हजार वाया गेले असं वाटू देऊ नका. माझ्या एका मित्राने तीन गाड्या तपासून नाकारल्या. चौथी घेतली, आणि तिच्यात दोन वर्षांत फक्त ब्रेक पॅड आणि एक व्हील बेअरिंग गेलं.

आणि एक बारीकशी गोष्ट, जी विकणारा सांगत नाही. गाडी बंद पडली तर दोन चाकं उचलून ओढून नेऊ देऊ नका. चार चाकांच्या ओढीची गाडी फ्लॅटबेडवरच चढवायची. क्रेनवाला "काही होत नाही हो" म्हणेल. त्याच्या पावतीवर गिअरबॉक्सची जबाबदारी लिहून मागा, तो स्वतःच फ्लॅटबेडला फोन लावेल.