सिंगापूरच्या पाण्यात करिअर करायचे असेल तर मलवाहिनीपासून सुरुवात करा

पर्यावरण अभियांत्रिकी शिकून सिंगापूरला नोकरी शोधणाऱ्या आपल्याकडच्या बहुतेक मुलामुलींना जलशुद्धीकरणात काम हवे असते. मलनिस्सारणाचे नाव काढले की चेहरे पडतात. पब्लिक युटिलिटीज बोर्ड, म्हणजेच पीयूबी, या सरकारी संस्थेच्या प्रकल्पांवर सल्लागार कंपनीतर्फे काम केल्यावर माझे मत नेमके उलटे झाले आहे.

१९६३ साली स्थापन झालेल्या या संस्थेकडे २००१ पासून मलनिस्सारण आणि पावसाच्या पाण्याचा निचराही आला. त्यामागे बेटाची गरज आहे. मलेशियातील जोहोर नदीतून रोज २५ कोटी गॅलनपर्यंत पाणी उचलू देणारा १९६२चा करार २०६१ मध्ये संपणार असल्याने, वापरलेले पाणी समुद्रात सोडून देणे परवडणारे नाही. प्रक्रिया केलेले हे पाणी मायक्रोफिल्ट्रेशन (सूक्ष्म गाळण), रिव्हर्स ऑस्मोसिस (दाब देऊन मेंब्रेनमधून, म्हणजे अतिसूक्ष्म पडद्यातून, पाणी पार करणे) आणि अतिनील किरणांतून नेऊन २००३ पासून 'न्यूवॉटर' म्हणून पुरवले जाते. त्यातले बरेचसे चिप बनवणाऱ्या कारखान्यांना जाते, तर कोरड्या दिवसांत थोडे जलाशयांत मिसळले जाते.

म्हणजे शुद्धीकरणाचा कच्चा माल मलवाहिनीतूनच येतो. किनाऱ्यालगतच्या जुन्या वाहिनीत खारे पाणी झिरपले, तर मेंब्रेनवर जादा दाब द्यावा लागतो आणि विजेचा खर्च वाढतो. एखाद्या कारखान्याने द्रावक सोडले, तर जैविक प्रक्रियेतील जिवाणूंवरच घाला पडतो. हे दुवे ज्याला कळतात त्याला न्यूवॉटरचे काम समजावून सांगावे लागत नाही, उलट दिशेने आलेल्याला मात्र बरेच शिकावे लागते.

तयारी करताना मेंब्रेनइतकाच वेळ उघड्या प्रवाहाच्या, म्हणजे वाहिनी पूर्ण न भरता उताराने वाहणाऱ्या पाण्याच्या, जलगतिकीला द्यावा, कारण सिंगापूरमधील क्रांजी ते चांगी हा ४८ किलोमीटरचा खोल बोगदा सांडपाणी केवळ उताराच्या बळावर वाहून नेतो. पाणी संथ झाले की गाळ बसतो, हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सुटतो आणि त्यापासून पाण्याच्या पातळीच्या वर असलेल्या भिंतींवर तयार होणारे सल्फ्युरिक आम्ल काँक्रीट खाते. उभा छेद (वाहिनीचा उतार दाखवणारा आराखडा) वाचता येणे आणि मॅनिंगचे सूत्र (उतार व खडबडीतपणावरून प्रवाहाचा वेग काढणारे) हाताने सोडवता येणे या गोष्टी जुनाट वाटतात खऱ्या, पण सॉफ्टवेअरने दिलेले उत्तर चुकीचे आहे हे त्यांच्यामुळेच ओळखता येते.

बंदिस्त जागेतील सुरक्षेचे प्रशिक्षण मात्र पहिल्याच संधीला घ्यावे. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले की नाकाला वास येणेच बंद होते, त्यामुळे मॅनहोलमध्ये उतरण्यापूर्वी वायुमापकाचा आकडा पाहिल्याशिवाय आणि लेखी परवाना हाती असल्याशिवाय कोणी कितीही घाई केली तरी पाऊल टाकू नये.