मुलाला ट्विन ब्लॉक लावताना पालकांनी काय पाहावे

खालचा जबडा मागे राहिल्यामुळे वरचे दात पुढे आलेले दिसत असतील, तर ट्विन ब्लॉक, म्हणजे खालचा जबडा पुढे धरणारे, काढता-घालता येणारे उपकरण लावण्याआधी मुलाच्या वाढीचा टप्पा तपासून घ्यावा. मुलींची वाढ मुलग्यांच्या आधी वेग घेते. म्हणून केवळ वयावर विसंबून न राहता ऑर्थोडॉन्टिस्ट (वेडेवाकडे दात व जबड्याची ठेवण सुधारणारे दंततज्ज्ञ) डोक्याच्या बाजूने काढलेल्या एक्स-रेमध्ये मानेच्या मणक्यांचा आकार पाहून उपचाराची वेळ ठरवतात.

स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी १९७७ च्या सुमारास विकसित केलेल्या या उपकरणात वर आणि खाली अ‍ॅक्रिलिकचे ठोकळे असतात. तोंड मिटताना त्यांचे सुमारे ७० अंशांचे उतार एकमेकांवर टेकतात आणि खालचा जबडा पुढे धरला जातो. ते शक्यतो जेवतानाही घालायचे असते. सुरुवातीला लाळ सुटते, उच्चार बोबडे होतात, स्नायू दुखतात. घरी रोज मोठ्याने वाचन करून घ्यावे, म्हणजे जीभ लवकर रुळते. ब्रशने आणि थंड पाण्यानेच ते धुवावे, कारण गरम पाण्याने अ‍ॅक्रिलिक वाकते. रुमालात गुंडाळून ठेवू नये, डबीतच ठेवावे (रुमालात गुंडाळलेले उपकरण सहज हरवते).

जबडा खरोखर किती वाढतो, हे आधीच विचारावे. नियमित वापराने पुढे आलेल्या दातांचे अंतर ठळकपणे कमी होते, पण त्यात मोठा वाटा दात कलण्याचा असतो. हाडाची जादा वाढ सरासरी एक-दोन मिलिमीटरच्या आसपासच भरते. आठव्या-नवव्या वर्षी घाई केल्याने अंतिम जबडा अधिक मोठा होत नाही, मात्र पडून पुढचे दात तुटण्याचा धोका घटतो. त्यामुळे धडपड्या मुलाच्या बाबतीत लवकर उपचार करणे मला रास्त वाटते.