क्वासारचं इन्फ्रारेड नेमकं येतं कुठून? या चुका टाळा

क्वासार म्हणजे महाकाय कृष्णविवरामुळे झळाळणारं दीर्घिकेचं केंद्र. पहिली चूक बहुतेक सगळेच करतात, क्वासारचं इन्फ्रारेड म्हणजे कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या तप्त वायूच्या तबकडीचाच उजेड असं धरून चालतात. तसं नाहीये. तबकडी मुख्यतः अतिनील आणि दृश्य प्रकाश देते, तो आजूबाजूची धूळ शोषते, तापते आणि तीच ऊर्जा इन्फ्रारेडमधे बाहेर टाकते. साधारण 1500 केल्विनच्या वर धुळीचे कण टिकतच नाहीत, त्यामुळे सगळ्यात गरम धूळ 2-3 मायक्रॉनला चमकते. आणि 1 मायक्रॉनच्या आसपास स्पेक्ट्रममधे खड्डा दिसतो ना, तो डेटातला घोळ समजून पुसू नका प्लीज, तिथे तबकडीचा प्रकाश उतरतो आणि धुळीचा चढायला लागतो. एनजीसी 4151 या दीर्घिकेत तर दृश्य प्रकाश वाढला की काही आठवड्यांनी 2.2 मायक्रॉनचा उजेड वाढतो, म्हणजे प्रकाशाला तिथे पोचायला लागणाऱ्या वेळावरून धूळ किती लांब आहे तेही कळतं.

खरा गोंधळ 60-100 मायक्रॉनला होतो. ही थंड धूळ, बऱ्याचदा नव्या ताऱ्यांनी तापवलेली, आणि लोक ती सरळ कृष्णविवराच्या खात्यात टाकतात, किंवा उलट सगळीच ताऱ्यांच्या नावावर करतात. मार्केरियन 231 सारख्या दीर्घिकेत दोन्ही जोरात चालू असतं, मग एका आकड्यावरून काय ठरवणार? स्पेक्ट्रम बघा. 6.2, 7.7, 11.3 मायक्रॉनचे कार्बनी रेणूंचे पट्टे ठळक असतील तर तारे जन्मतायत, 14.3 मायक्रॉनची चार इलेक्ट्रॉन गमावलेल्या निऑनची रेषा जोरदार असेल तर आत कृष्णविवर जेवतंय. मला तरी ही सगळ्यात भरवशाची तपासणी वाटते.

रेडशिफ्ट, म्हणजे विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाशाची तरंगलांबी ताणली जाणं, विसरू नका. रेडशिफ्ट 2 असेल तर 22 मायक्रॉनला मोजलेला उजेड मुळात 7 मायक्रॉनच्या आसपासचा असतो, त्यावरून थंड धुळीबद्दल बोलता येत नाही.

3सी 279 सारख्या ब्लेझारमधे, म्हणजे ज्याचा जेट (कृष्णविवराजवळून सुटणारा वेगवान झोत) आपल्याच दिशेने आहे अशा क्वासारमधे, धुळीचं मॉडेल बसत नाही म्हणून डोकं फोडत बसू नका, तिथलं इन्फ्रारेड जेटमधल्या इलेक्ट्रॉनचं, सिंक्रोट्रॉन, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात गरगरणाऱ्या इलेक्ट्रॉनचा उजेड. पटापट बदलणारं आणि ध्रुवित (लहरी एकाच दिशेत कंप पावणारं) असेल तर आधी जेटचा संशय घ्या.

आणि वाइज या इन्फ्रारेड अवकाश दुर्बिणीच्या डेटात क्वासार निवडायला 3.4 आणि 4.6 मायक्रॉनच्या मॅग्निट्यूडमधला (तेजस्वितेच्या आकड्यांमधला) फरक किमान 0.8 हवा, ही कसोटी लावताय? ती वेगा पद्धतीच्या मॅग्निट्यूडमधली आहे, एबी या दुसऱ्या मोजपद्धतीत साधारण 0.16 होते. शिवाय ताऱ्यांच्या उजेडात बुडालेली अशक्त केंद्रकं त्यात सुटतात आणि तपकिरी बटू (तारा होण्याइतकं वस्तुमान नसलेले थंड गोळे) घुसतात, म्हणून यादी हाती आली की प्रत्येकाचा स्पेक्ट्रम मिळतो का ते आधी शोधा.