ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मेलसाठी कुठला प्रोग्रॅम टाकायचा

रत्नागिरीत एका आंबेवाल्याचे हिशेब आणि मेल मी बघतो, त्यामुळे ओळखीतले विचारत असतात की मेलसाठी कुठला प्रोग्रॅम चांगला. मी पहिलं एकच बघतो, नेट गेल्यावर जुने मेल उघडतात का. आपल्याकडे मिरग लागला की लाईट आणि नेट दोन्हीचा भरवसा नाही आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी फोन करणार, एप्रिलमधल्या पेट्यांचं बिल कितीचं होतं हो, आणि मेल नुसते ब्राउझरमध्ये बघायची सवय असेल तर तुम्ही बसा गोल फिरणारं चक्र बघत.

मी थंडरबर्ड वापरतो. फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाचा आहे, १.० व्हर्जन २००४ चं, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतो आणि ऑफिसात वापरला तरी फुकटच. हे नीट तपासा हां, कारण ईएम क्लायंटसारख्या प्रोग्रॅमचं फुकट व्हर्जन फक्त घरगुती वापरासाठी असतं. आउटलूकचे पैसे आधीच भरत असाल तर क्लासिक, म्हणजे जुना, आउटलूक चांगलाच आहे, पण नव्या आउटलूकमध्ये जीमेल जोडलं की मेलची कॉपी मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर जाते, मालकाला चालणार का ते आधी विचारा. विंडोजचं जुनं साधं मेल ॲप विसरा, त्याचा सपोर्ट ३१ डिसेंबर २०२४ ला संपला.

आता खरी गोम. अकाउंट जोडताना आयमॅप की पॉप असं विचारतात, तिथे डोळे झाकून पुढे जाऊ नका. आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवर, म्हणजे मेल कंपनीच्या कॉम्प्युटरवर राहतात, मोबाईलवरही तेच दिसतात. पॉपमध्ये मेल तुमच्या मशीनवर उतरतात आणि सर्व्हरवर कॉपी ठेवायची टिक नसेल तर तिकडचे पुसले जातात. आमच्याकडे तसंच होतं, कोणाच्या लक्षातच नाही, एका पावसाळ्यात वीज कडाडली, मशीनचा बोर्ड गेला आणि हार्ड डिस्कही, ३ वर्षांचे मेल गेले. नंतर गिऱ्हाइकांना फोन करकरून जुनी बिलं परत मागवली, लाज वाटत होती.

म्हणून आयमॅपच घ्या, आणि थंडरबर्डच्या अकाउंट सेटिंगमध्ये मेल कॉम्प्युटरवर ठेवायची टिक आहे का बघा. मग एक दिवस मुद्दाम नेटची वायर काढा, मागच्या सीझनचा मेल 'हापूस' शब्दाने शोधून उघडा, अटॅचमेंटसकट. उघडला तर प्रोग्रॅम कामाचा. ही चाचणी ऐन एप्रिलात नको, पॅकिंगच्या गडबडीत कोण बघतंय.

जीमेलला वेगळा पासवर्ड टाकावा लागत नाही, लॉगिनची खिडकी उघडते तेवढंच. स्वतःच्या डोमेनचा, म्हणजे @ च्या पुढे धंद्याचं नाव असलेला मेल असेल तर सेटिंगमध्ये पोर्ट नंबर विचारतात, आयमॅपला बहुतेक ९९३ असतो, पाठवायला ४६५ किंवा ५८७.

आणि आयमॅप म्हणजे बॅकअप नव्हे बरं का, इथे डिलीट केलं की तिकडूनही जातं. जीमेलची १५ जीबी जागा ड्राइव्ह आणि फोटोंसकट असते, भरली की नवे मेल येणं बंद. थंडरबर्डमध्ये हेल्प, ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन, तिथून प्रोफाइल फोल्डर (यात मेल आणि सेटिंग असतात) उघडा, मग प्रोग्रॅम बंद करून तो अख्खा फोल्डर बाहेरच्या ड्राइव्हवर कॉपी करा. मी दर शनिवारी करतो, आणि ड्राइव्ह घरी नेतो, कॉम्प्युटरला लावून ठेवत नाही.